कोशीचा वर्ग आणि नाव्हिएचा पूल

इंजिनिअरिंगची पदवी घेऊन पुढील अभ्यासास बसलेल्या विद्यार्थ्यापुढें उच्च गणिताचा ग्रंथ ठेवला, म्हणजे बहुधा तो एकच प्रश्न करितो : "याचा पूल बांधण्यास उपयोग काय?" हा प्रश्न आम्हीं वर्गांत अनेक वेळां ऐकला आहे, आणि तो उद्धटपणाचा आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. इंजिनिअरास उच्च गणित आलेंच पाहिजे, हें मत ज्या शाळेनें जगांत रूढ केलें, त्या शाळेंतच हा प्रश्न एकदां इतक्या जोरानें निघाला कीं, त्यापायीं एका थोर अध्यापकाच्या वर्गांत शिट्ट्या वाजल्या.

ही शाळा पॅरिस येथील एकोल पोलितेक्निक. राज्यक्रांतीच्या धामधुमींत फ्रान्सला इंजिनिअरांची वाण पडली, म्हणून १७९४ सालीं ती निघाली; तिचें हें नांव मात्र पुढील वर्षींचें. तिची व्यवस्था अशी कीं, विद्यार्थ्यानें येथें प्रथम गणित, पदार्थविज्ञान व रसायन हीं शास्त्रें शिकावीं, आणि मग पूल व रस्ते, खाणी किंवा तोफखाना यांच्या स्वतंत्र शाळेंत जाऊन प्रत्यक्ष धंद्याचें शिक्षण घ्यावें. गणित आधीं आणि चिखल मागाहून, असा हा क्रम होता.

आरंभींच्या अध्यापकांत मोंज आणि लाग्रांज हे दोघे होते. मोंजची विद्या सारी आकृतींची. घन वस्तूचें यथार्थ ज्ञान कागदावरील दोन चित्रांनीं करून देण्याची त्याची रीति किल्ल्यांच्या बांधणीस इतकी उपयोगी पडली कीं, मेझिएरच्या लष्करी शाळेंत ती अनेक वर्षें गुप्त ठेवण्यांत आली होती. उलट लाग्रांजला आपल्या यंत्रशास्त्रावरील १७८८ च्या ग्रंथांत एकहि आकृति नाहीं, याचा अभिमान वाटे! एकाच शाळेंत हीं दोन टोकें नांदत होतीं, तोंपर्यंत शाळेचें बरें चाललें होतें.

पुढें १८१५ पासून ऑग्युस्तँ लुई कोशी हा तेथें शिकवूं लागला. कोशी म्हणजे खोलीबाहेर न पडणारा पंडित, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. १८०५ सालीं तो याच शाळेंत विद्यार्थी म्हणून आला, पुढें पूल व रस्ते यांच्या शाळेंत शिकला, ऊर्क कालव्यावर त्यानें उमेदवारी केली, आणि १८१० सालीं शेरबूर येथील बंदराच्या कामावर तो इंजिनिअर म्हणून गेला. जातांना त्यानें बरोबर नेलेलीं पुस्तकें मात्र पाहण्यासारखीं आहेत : लाप्लासचें ज्योतिर्गणित, लाग्रांजचें फलनशास्त्र, व्हर्जिलचें काव्य आणि ख्रिस्ती भक्तिमार्गाचा एक ग्रंथ.

कलनशास्त्रास, म्हणजे आपल्याकडील जुन्या पुस्तकांतील शून्यलब्धीस, पाया कोणता, हा प्रश्न तेव्हां उघडाच होता. कोणतेंहि फलन श्रेढींत मांडतां येतें असें गृहीत धरून लाग्रांजनें आपली इमारत रचिली होती. कोशीनें १८२२ मध्यें असें एक फलन दाखविलें कीं, त्याच्या श्रेढीचें प्रत्येक पद शून्य येतें, परंतु फलन स्वतः शून्य नसतें. पायाच खचला! म्हणून त्यानें सीमेच्या कल्पनेवर सर्व शास्त्र नव्यानें उभारलें, आणि तें वीस वर्षांच्या पोरांपुढें सांगूं लागला. त्याच्या पाठांचें पुस्तक १८२१ सालीं छापून निघालें. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत नियत वेळ उलटून गेली तरी व्याख्यान संपेना, तेव्हां विद्यार्थ्यांनीं गलका केला. शाळेच्या चालकांचीहि तक्रार होतीच : पाठांची संख्या वाढते, उपयोगाचा भाग मागें पडतो. अखेर १८२५ सालीं, यापुढें पूर्ण काटेकोर सिद्धतांचा आग्रह धरणार नाहीं, असें कोशीस कबूल करावें लागलें.

वेळेविषयींची तक्रार आमच्या मतें रास्त होती. निरुपयोगाची तक्रार मात्र टिकत नाहीं, आणि याचा पुरावा त्या भांडणाच्या ऐन मध्यावरचा आहे. सप्टेंबर १८२२ मध्यें कोशीनें विज्ञान अकादमीपुढें एक विचार मांडला. भार घेतलेल्या दगडांत किंवा लोखंडांत मनानें एक काप घ्या. कापाच्या एका बाजूचा भाग दुसऱ्यास ढकलतो वा ओढतो, आणि तोहि सरळच नव्हे, तर तिरपा. एका बिंदूंतून असे काप अगणित घेतां येतील. परंतु परस्परांस काटकोनांत असलेल्या तीनच कापांवरील जोर कळले, कीं बाकी सर्वांवरचे गणितानें काढतां येतात. आज ज्यास प्रतिबल म्हणतात, ती कल्पना ही. धरणाच्या भिंतीपासून विमानाच्या पंखापर्यंत कशाचाहि हिशेब तिच्यावांचून चालत नाहीं. आम्ही स्वतः अलीकडे वर्गांत हा काप आधीं दाखवितों व सीमेची व्याख्या मागाहून सांगतों. कोशीस हें आवडलें नसतें.

नाव्हिए हा त्या काळचा दुसरा गणिती इंजिनिअर. पदार्थांच्या लवचिकपणाचीं समीकरणें त्यानें कोशीच्या आधीं, १८२१ मध्येंच, मांडलीं होतीं. पूल व रस्ते यांच्या शाळेंत तो शिकवी, आणि विलायतेंतील झुलते पूल पाहून आल्यावर १८२३ सालीं त्यानें त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्या आधारें सेन नदीवर एकाच झेपेचा पूल त्यानें बांधावयास घेतला. १८२६ च्या सप्टेंबरांत काम संपत आलें, तोंच साखळ्या जमिनींत अडकविलेलें दगडी बांधकाम सरकून त्यास तडे गेले. जवळच पाण्याचा नळ फुटून भोंवतालची माती भिजली होती. दुरुस्ती होण्यासारखी होती, परंतु नगरपालिकेस धीर नव्हता. पूल उतरवून टाकण्यांत आला. झुलत्या पुलाचें गणित उत्तम जाणणाऱ्या त्या माणसावर लोक हंसले.

१८३० च्या जुलैंत पुन्हां राज्यक्रांति झाली. नव्या राजाशीं एकनिष्ठेची शपथ घेण्याचें नाकारून कोशी देशाबाहेर गेला. त्याची पोलितेक्निकमधील जागा १८३१ सालीं मिळाली ती नाव्हिएस, आणि मोडलेल्या पुलाचा हा कर्ता १८३६ मध्यें मरेपर्यंत इंजिनिअरांस तेथें कलनशास्त्र शिकवीत होता.