पडद्यावरचा उडता चेंडू

बोलक्या व्यंगचित्रपटाचा आरंभ म्हणून १९२८ च्या ‘स्टीमबोट विली’कडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. ती मोडायला हवी. न्यूयॉर्कच्या मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंनी १९२४ पासून ‘साँग कार-ट्यून्स’ ही मालिका काढली. पडद्यावर गाण्याची ओळ उमटे, तिच्या शब्दांवरून पांढरा चेंडू तालात उड्या मारत जाई आणि सारे चित्रगृह त्याच्यामागोमाग गाई. गंमत म्हणजे हा चेंडू चितारलेला नसे! काठीच्या टोकाला लावलेला चकाकता चेंडू ओळींवरून हाताने नाचवून ते चित्रण करीत. काठी पडद्यावर दिसत नसे. माझ्या मते त्या उड्यांतला जिवंतपणा हाताचाच.

साथीला बहुधा ऑर्गन किंवा वाद्यवृंद असे. काही पटांना मात्र ली डी फॉरेस्ट यांच्या ‘फोनोफिल्म’ पद्धतीने ध्वनी जोडला होता. १९२६ च्या ‘माय ओल्ड केंटकी होम’मध्ये एक कुत्रा प्रेक्षकांना चेंडूमागे गायला सांगतो, तेही शब्दांशी ओठ जुळवून. मिकीची शिट्टी त्यानंतर दोन वर्षांनी वाजली. ‘विली’ची लोकप्रियता नाकारण्याचे कारण नाही, पहिलेपणाचा मान मात्र त्याचा नव्हे.

ध्वनियंत्रे मोजक्याच चित्रगृहांत होती. त्यातच फ्लायशरांची वितरणसंस्था ‘रेड सील’ बुडाली. चेंडू टिकला. १९२९ पासून पॅरामाउंटच्या ‘स्क्रीन साँग्ज’मध्ये तो पुन्हा उडू लागला.