बियाची उगवण आणि बियाचा जोम



नवरात्रात माहूरच्या रेणुकेच्या मुलखात घरोघर घट बसतात. पत्रावळीवर काळी माती पसरून तीत निरनिराळी धान्ये पेरतात व नवव्या दिवशी अंकुर किती वाढले ते पाहतात. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली असते. म्हणून ही बियाण्याची परीक्षाच होय, असे पुष्कळ लोक मानतात. मला ते पटते, पण अर्धेच. घटाला रोज पाणी आणि सावली मिळते. शेताला ती कोण देणार?

माळव्याच्या बियाला तर घटाचाही आधार नव्हता. दोडका, भोपळा वेलावरच वाळू देऊन आढ्याला टांगीत; वांग्या-मिरचीचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवीत. घरचे बी घरच्याच परसात पडे, तोवर फसवणुकीला जागा नव्हती. बी बाजारात आले आणि परीक्षेची गरज उत्पन्न झाली.

ती युरोपास आधी भासली. इंग्लंडात कोबी-सलगमाच्या महाग बियांत तशाच रूपाचे स्वस्त बी मिसळीत, आणि ते उगवून लबाडी उघडी पडू नये म्हणून अगोदरच मारून टाकीत! याविरुद्ध तेथे १८६९ साली कायदा झाला. त्याच वर्षी सॅक्सनीत थारांट येथे फ्रीडरिख नोबे या अध्यापकाने जगातील पहिली बीज-परीक्षणशाळा काढली. अंकुर फुटणे निराळे आणि मातीतून वर येण्याची ताकद निराळी, हे १८७६ च्या आपल्या ग्रंथात त्यानेच नमूद केले. पुढे १९११ च्या सुमारास हिल्टनर याने बियांवर विटांच्या चुऱ्याचा थर घालून कोणते अंकुर तो भेदतात ते पाहिले. ज्याने पावसानंतर आपल्या रानावर धरलेली खपली पाहिली आहे, त्याला या विटांचे मर्म सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे केंद्रीय बीज-परीक्षणशाळा दिल्लीस १९६१ साली निघाली व बियाण्याचा कायदा १९६६ साली झाला. परीक्षेस चारशे बिया घेतात. भेंडीची उगवण शेकडा किमान ६५ व कांद्याची ७० असावी, असे प्रमाण आहे. म्हणजे भेंडीच्या शंभरांतील पस्तीस बिया न उगवल्या तरी पिशवी कायदेशीरच! शिवाय हा आकडा अनुकूल ओल व उष्णता देऊन काढलेला असतो. जोमाविषयी तो मुका आहे. कांद्याचे बी तर फार अल्पायुषी. उघड्यावर एक पावसाळा काढला की त्याचा जोम आधी जातो, उगवण मागाहून.

मराठवाड्यात २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या एवढ्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस लागला होता. त्यात या बियाचे टरफल पातळ, पोते आपटले तरी आतला अंकुर दुखावतो. दुबार पेरणी म्हणजे दुसऱ्यांदा बी आणि निघून गेलेली ओल.

ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून पाहण्याची रीत आता गावोगाव सांगितली जाते. ती चांगलीच आहे. तिच्या जोडीला आणखी शंभर बिया आपल्याच रानाच्या मातीत, पेरणीच्या खोलीवर लावाव्यात आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.