कोरियन भाषेतील खात्री, गरज आणि कारण

कोरियन भाषेची लिपी हंगुल. राजा सेजोंगच्या कारकीर्दीत १४४३ मध्ये ती सिद्ध झाली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आली. सामान्य माणसाला लिहिता-वाचता यावे, हाच तिचा हेतू होता. त्यामुळे चिकाटीने बसले तर ती काही दिवसांत हाती येते. अभिवादन, खरेदी, वेळ सांगणे हा पहिला टप्पाही फारसा अडवत नाही. खरी कसोटी लागते ती मधल्या टप्प्यावर. 'पाऊस पडतो आहे' एवढे म्हणता येते. पण 'पडत असावा', 'पडेलही कदाचित', 'पडणे शक्यच नाही' अशा छटा वेगळ्या काढायची वेळ आली की विद्यार्थी अडखळतो.

कोरियन प्रावीण्याची 'टोपिक' ही परीक्षा १९९७ पासून घेतली जाते. २०१४ पासून तिचे दोन भाग झाले असून दुसऱ्या भागात तिसरी ते सहावी श्रेणी येते. या भागात ३०० पैकी १२० गुणांना तिसरी आणि १५० गुणांना चौथी श्रेणी मिळते. तिच्यातील सहाशे ते सातशे अक्षरांच्या निबंधात मत मांडून त्याची कारणे द्यावी लागतात. पुणे परिसरात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. २०२४ मध्ये तळेगावचा मोटार कारखानाही ह्युंदाईकडे आला. तेव्हा परीक्षेबाहेरही, कचेरीतल्या रोजच्या संभाषणात, हे व्याकरण उपयोगी पडते.

मराठी माणसाला येथे एक सोय आहे. मराठीप्रमाणेच कोरियनमध्येही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि अर्थाच्या छटा त्याला जोडलेल्या प्रत्ययांतून व्यक्त होतात. मात्र हे प्रत्यय बोलणाऱ्याला दोन प्रश्न विचारतात : हे तुम्हाला कशावरून कळले? आणि हे कारण तुम्ही कशासाठी देत आहात? ते ओळखले की प्रत्ययांची लांबलचक यादी आपोआप आटोपशीर होते. (खाली दिलेले उच्चार देवनागरीत शक्य तितके जवळचे आहेत.)

खात्रीच्या पायऱ्या

सर्वांत खालची पायरी 'पिगा ओल्जिदो मोल्लायो'. शब्दशः अर्थ 'पाऊस येईल की काय, हेही ठाऊक नाही', म्हणजे 'कदाचित येईलही'. त्यावर 'ओल कॉत् काथायो', म्हणजे 'येईलसे वाटते'. स्वतःचे मत सौम्य करून सांगण्यासाठी कोरियन माणसे हा प्रयोग सर्रास करतात. 'ओल कॉयेयो' म्हटले की बोलणारा आपल्या अंदाजाची थोडी अधिक जबाबदारी घेतो : 'येईल'.

समोर पुरावा असेल तर 'पिगा ओना ब्वायो' म्हणतात. खिडकीतून पाऊस दिसत नाही, पण आत येणाऱ्यांच्या छत्र्या ओल्या आहेत. आपण म्हणतो, 'बाहेर पाऊस पडत असावा'. तोच हा अर्थ. ज्याने पाऊस डोळ्यांनी पाहिला, तो असे म्हणणार नाही. स्वतःच्या जाणिवेतल्या गोष्टींनाही हा प्रयोग चालत नाही. नकळत घडलेले मात्र त्यात बसते : 'मला डुलकी लागली असावी' हे मराठीत जसे चालते, तसेच कोरियनमध्येही.

'केस' हा प्रत्यय त्या क्षणी दिसलेल्यावरून बांधलेला तर्क सांगतो. ताट समोर येताच 'माशित्केस्सॉयो', म्हणजे 'चविष्ट असणार'. घास खाल्ल्यानंतर मात्र 'माशिस्सॉयो', 'चविष्ट आहे', असेच म्हणायला हवे. अनुभव आल्यावर तर्काला जागा उरत नाही.

सर्वांत वरच्या पायरीवर 'ओनुन गे थुल्लिमॉप्सॉयो', म्हणजे 'येतो आहे यात शंका नाही'. याच्या विरुद्ध टोकाला 'ओल लिगा ऑप्सॉयो', 'येणे शक्यच नाही'. हे दोन्ही प्रयोग जोरकस आहेत. साध्या अंदाजासाठी ते वापरले तर आपण हमी दिली असा ऐकणाऱ्याचा समज होतो.

गरज आणि सक्ती

या भागात मराठी वाचकाला ओळखीचे बरेच काही भेटेल. 'कादो द्वेयो' म्हणजे शब्दशः 'गेले तरी चालते'. 'काम्यॉन आन द्वेयो' म्हणजे 'गेले तर चालत नाही', अर्थात जाऊ नये. 'आन गादो द्वेयो' म्हणजे 'नाही गेले तरी चालते'. अनुज्ञा, मनाई आणि सूट ही तिन्ही आपल्या 'चालते'सारख्याच एका क्रियापदावर उभी आहेत.

कर्तव्य सांगण्यासाठी 'काया हेयो' किंवा 'काया द्वेयो', म्हणजे 'जायला हवे'. यातल्या 'काया'चा मूळ अर्थ 'गेले तरच'. पहिले रूप लेखनात व औपचारिक प्रसंगी अधिक शोभते. दुसरे बोलण्यात अधिक ऐकू येते. 'काजि आनुम्यॉन आन द्वेयो' हा दुहेरी नकार आपल्या 'गेल्याशिवाय चालणार नाही' याच धाटणीचा आणि तितकाच ठाम.

'हवे' आणि 'लागते' यांत मराठी जो भेद करते, तो या रूपांत नाही. नाइलाज दाखवायचा तर 'काल सुबाक्के ऑप्सॉयो' म्हणावे : 'जाण्यावाचून गत्यंतर नाही'. त्यात 'सु' म्हणजे मार्ग, 'बाक्के' म्हणजे त्याबाहेर आणि 'ऑप्सॉयो' म्हणजे नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. मराठीचा विध्यर्थ दोन्ही कामे करतो : 'त्याने जावे' यात कर्तव्य आणि 'तो गेला असावा' यात तर्क. कोरियनमध्ये या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. तर्काच्या जागी 'काया हेयो'चा साचा वापरला, तर अंदाजाऐवजी कर्तव्याची भाषा होते.

कारण देताना

सर्वाधिक चुका येथे होतात, कारण मराठीतील एकटे 'म्हणून' ज्या जागा भरते, तेथे कोरियनमध्ये निदान दोन प्रत्यय आहेत. 'सॉ' घडलेल्या कारणातून परिणामाकडे सरळ नेतो. 'निक्का' बोलणाऱ्याच्या म्हणण्याचा आधार पुढे करतो. म्हणून आज्ञा, विनंती किंवा सूचना यांच्याआधी 'निक्का'च हवा : 'छुउनिक्का छांगमुनुल तादुसेयो', म्हणजे 'थंडी आहे, तेव्हा खिडकी लावा'. येथे 'सॉ' चालत नाही. तसेच 'सॉ'च्या आधी भूतकाळाचा प्रत्यय येत नाही; 'निक्का'च्या आधी येतो.

याउलट क्षमा मागताना व आभार मानताना 'सॉ'च योग्य. 'नुजॉसॉ मिआनहाम्निदा', म्हणजे 'उशीर झाला, क्षमा करा'. नवशिक्या येथे 'नुजॉस्सुनिक्का' म्हणून जातो. शब्द समजतात, पण क्षमायाचनेला युक्तिवादाचा सूर लागतो. वरिष्ठांसमोर उभे असताना हा फरक लहान नाही.

कारणाचा रंगही प्रत्यय ठरवतो. 'त्तेमुने' म्हणजे सरळ 'मुळे'. 'तॉक्पुने' म्हणजे 'कृपेने', चांगल्या परिणामाचे श्रेय देणारे. 'थासे' दोष देतो. मराठीत 'दारूच्या पायी' म्हणताना 'पायी' जे काम करते, तेच हा करतो. 'नुरागो' एखाद्या कामात वेळ व शक्ती गेल्यामुळे दुसरे राहून गेले, हे सांगतो : 'कोंगबुहानुरागो मोत चास्सॉयो', म्हणजे 'अभ्यास करण्यात झोप राहिली'. या वाक्याच्या दोन्ही भागांत कर्ता एकच असावा लागतो. निबंधासाठी 'मुरो' हा लेखी प्रत्यय शिकून ठेवावा. गप्पांत तो जड वाटतो.

वाक्याच्या शेवटी येणारी आणखी एक जोडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक नसलेले कारण 'गॉदुन्यो'ने सांगतात, आणि त्याला ठाऊकच असलेल्याची आठवण 'जानायो'ने देतात. आपल्या 'सांगितले होते ना'मधील 'ना' या दुसऱ्याच्या जवळचा. वडीलधाऱ्यांशी बोलताना दोन्ही जपून वापरावेत. अतिरेक झाला तर उद्धटपणा जाणवतो.

सराव करताना प्रत्ययांपुढे मराठी प्रतिशब्द लिहून पाठ करण्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा. सहकारी अजून आलेला नाही, एवढे पुरे. तो आजारी असावा, कदाचित गाडी चुकली असेल, विसरणे तर शक्यच नाही, आता आपल्याला सुरुवात करावीच लागेल, तेव्हा बसून घ्या : अशी पाच-सहा वाक्ये रोज रचावीत. प्रत्येक वाक्यापूर्वी स्वतःला विचारावे की हे आपण पाहिले, ताडले की नुसते कल्पिले. उत्तर प्रामाणिक असेल तर योग्य प्रत्यय सापडायला फार वेळ लागत नाही.