ठगांच्या वाटेवरील तरुण शोधक

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, तुळजापूरला निघालेला वाटसरू बीडवरून पुढे जाई. तो सारा मुलूख तेव्हा निजामाचा. लिव्हरपूल येथे १८०८ साली जन्मलेला फिलिप मेडोज टेलर पंधराव्या वर्षी मुंबईस आला व १८२४ साली निजामाच्या फौजेत दाखल झाला. विशीच्या उंबरठ्यावरच त्याच्याकडे तुळजापूरकडील भागाची पोलीस देखरेख आली. तपासाचे शिक्षण नव्हते. होती ती लोकांत मिसळण्याची हौस आणि येथल्या भाषांची गोडी. गळा आवळून मारलेल्या प्रवाशांची प्रेते सापडत होती. धागा हाती येण्यापूर्वीच त्याला पलटणीत परत जावे लागले. ही रुखरुख त्याला जन्मभर राहिली. छडा लावल्याचे श्रेय स्लीमनकडे गेले.

पुढे टेलरने ठगांच्या जबान्या स्वतः ऐकल्या आणि १८३९ साली ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचा नायक अमीर अली ७१९ खुनांचा हिशेब थंडपणे देतो. आपल्या पापनिवेदनाशी या कबुलीचे नाते केवळ नावापुरते. येथे पश्चात्ताप नाही, हा माफीचा साक्षीदार आहे. आणि खरी अडचण हीच. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येई. मग स्वतःची मान सोडविण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखविणाऱ्याचे किती खरे मानावे? देवीच्या नावाने खून करणारा देशव्यापी पंथ खरोखर होता काय, याविषयी अलीकडच्या अनेक इतिहासकारांना शंका वाटते. वाटेवरची प्रेते मात्र खरी होती.