पाइनवूडचा हिमालय, कर्जतचा आग्रा

पनवेलहून कर्जतकडे निघालं की चौकच्या पुढे एनडी स्टुडिओ लागतो. २००८ साली आलेल्या 'जोधा अकबर'मधला आग्र्याचा किल्ला बहुतेक इथलाच, हे पाहुण्यांना सांगितलं की त्यांना पटत नाही. आज बोलूया ते याच फसवणुकीबद्दल.

त्यासाठी आधी जरा लांब, लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत जाऊ. १९४७ चा 'ब्लॅक नार्सिसस' घडतो हिमालयात, पण शूटिंगसाठी युनिट भारतात आलंच नाही. डोंगरांचे काळे-पांढरे फोटो प्रचंड मोठे केले आणि त्यांवर खडूंनी रंग भरले. काही दऱ्या तर चक्क काचेवर रंगवल्या.

पण नुसता डोंगर रंगवून भागत नाही. खरा डोंगर जितका लांब, तितका फिकट आणि निळसर दिसतो. त्यात मागच्या डोंगरावर ऊन डावीकडून आणि नटीच्या चेहऱ्यावर उजवीकडून पडलं, तर खेळ खलास! हे सगळं सांभाळणं छायाचित्रकाराचं काम. जॅक कार्डिफ यांनी फर्मीरसारख्या चित्रकारांचा प्रकाश डोळ्यांसमोर ठेवला आणि सावल्यांना हिरवट छटा दिली. त्यांना ऑस्कर मिळालं, आणि कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंग यांनाही.

कर्जतलाही अशीच जोडी होती. नितीन देसाईंनी किल्ला उभारला, किरण देवहंस यांनी तो कॅमेऱ्यात पकडला. इथे सेट उघड्यावर, म्हणजे ऊन आपल्या हातात नाही. तासाभरात सावल्या सरकतात. शॉट कधी घ्यायचा आणि कॅमेरा कुठे लावायचा, यावर प्लास्टरचा दगड होणार की प्लास्टरच राहणार, हे ठरतं.

देसाईंनी हा स्टुडिओ २००५ मध्ये सुरू केला. चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस पुढे कर्जात अडकला आणि २ ऑगस्ट २०२३ रोजी याच स्टुडिओत त्यांनी आयुष्य संपवलं. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना मला एकच वाटतं. पडद्यावर जे खरं वाटलं, त्याला आपण 'खोटा सेट' म्हणून मोकळे होतो. पण तो खोटेपणा आपल्याला दिसू नये, यासाठी कुणीतरी आपलं सगळं पणाला लावलेलं असतं.

'जोधा अकबर' पुन्हा पाहाल तेव्हा किल्ल्यावरच्या सावल्या नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!