बीड जिल्ह्यातील जुनी डिझेल पिकअप वाहने : मालकीच्या हिशेबाचा ऐतिहासिक विचार

एखादे यंत्र जुने केव्हा झाले असे म्हणावे, ह्या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. कारखानदार ते वर्षांत देतो, कायदा नोंदणीच्या व तपासणीच्या मुदतीत देतो आणि हिशेबनीस घसाऱ्याच्या दरात देतो. बीड जिल्ह्यातील शेतकरी व छोटा वाहतूकदार मात्र ही तिन्ही मापे बाजूस सारून पंधरा-वीस वर्षांची डिझेल पिकअप बाळगताना दिसतो. ह्या वर्तनास दारिद्र्य अथवा सवय असे नाव देऊन मोकळे होणे अभ्यासकाला शोभणार नाही. त्यामागील हिशेब कोणत्या परिस्थितीत घडला, तो कितपत खरा आहे आणि त्यात कोणती रक्कम मांडलीच जात नाही, एवढ्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रदेशाकडे पाहू. बालाघाटच्या रांगेने ह्या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग केलेले आहेत. पूर्वेकडे परळी वैजनाथ येथे रेल्वे निजामी काळापासून होती; जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बीड शहरास अहिल्यानगरहून येणारी रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. निजामाच्या राज्यात जून १९३२ मध्ये रेल्वेच्या अखत्यारीत २७ गाड्यांनिशी रस्तेवाहतूक खाते सुरू झाले, आणि त्याच परंपरेतील प्रवासी वाहतूक पुढे राज्य परिवहनाकडे आली. परंतु वाडी-तांड्यावरून बाजाराच्या गावापर्यंत माल नेण्याचे काम दीर्घकाळ बैलगाडीवरच अवलंबून राहिले. अशा प्रदेशात लहान मालवाहू मोटारीला जे स्थान मिळाले, ते रेल्वेने जोडलेल्या जिल्ह्यांत मिळण्यासारखे नव्हते.

ही मोटार एकाएकी अवतरली नाही. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या गाड्या पेट्रोलवर चालत. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या तीनचाकी गाडीचे नाव मराठीत इतके रुळले की कोणत्याही लहान मालवाहू गाडीस लोक ‘टेम्पो’ म्हणू लागले. महिंद्र कंपनीने १९७९ मध्ये प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीशी डिझेल इंजिनाच्या निर्मितीसाठी करार केला. १९८८ मध्ये टाटांची ‘टाटामोबाइल’ आली. २००५ मध्ये ‘टाटा एस’ बाजारात आली व लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. म्हणजे पेट्रोलची जीप, तीनचाकी टेम्पो आणि डिझेल पिकअप अशा पायऱ्यांनी ग्रामीण मालवाहतुकीचे यांत्रिकीकरण झाले.

डिझेल गाडी दीर्घकाळ बाळगण्याची प्रवृत्ती दोन कारणांनी दृढ झाली. पहिले कारण इंधनाच्या दराचे. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलच्या किरकोळ दरावर सरकारचे नियंत्रण होते आणि पेट्रोलच्या मानाने ते बरेच स्वस्त पडे. दुसरे कारण यंत्राच्या घडणीत आहे. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते दाबाने तापलेल्या हवेत. तो दाब सोसण्यासाठी इंजिनाची बांधणी मजबूत ठेवावी लागते. जुन्या प्रकारच्या इंजिनात इंधन पुरविणारा पंप व नोझल ही दोन्ही यांत्रिक असल्यामुळे तालुक्याच्या गावचा फिटर ती हाताळू शकतो. सिलिंडर घासले, तर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घालता येतात. पाटे तुटले, तर ते बदलता येतात. बैल म्हातारा झाला की त्याला तरुण करता येत नाही. ही गाडी मात्र भागाभागाने नवी होत राहते. पर्जन्यछायेतील कोरड्या हवेत चासीला गंजही कोकणातल्यापेक्षा सावकाश चढतो.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. गाडीचा काही खर्च काळाबरोबर चढतो, काही अंतराबरोबर. कर्जाचा हप्ता, विमा व घसारा हे गाडी दारात उभी असतानाही चालूच राहतात. डिझेल व टायर ही मात्र धावेल तितकीच खर्ची पडतात. केवळ उदाहरणादाखल असे धरू की जुनी गाडी लिटरमागे १० किलोमीटर धावते आणि नवी १४. वर्षाला १८,००० किलोमीटर धाव असेल, तर जुन्या गाडीस सुमारे ५१४ लिटर डिझेल अधिक लागेल. लिटरला ९० रुपये धरल्यास हा फरक ४६,००० रुपयांच्या वर जातो. धाव ६,००० किलोमीटरच असेल, तर हाच फरक १५,५०० रुपयांच्या आत राहतो, आणि नव्या गाडीचे काही थोडे हप्तेच तेवढे होतील. रोज भाडे मारणाऱ्याने जुनी गाडी ठेवणे तोट्याचे. हंगामापुरती गाडी काढणाऱ्यास मात्र तीच परवडते, हे यावरून स्पष्ट होते.

बीडची मिळकत हंगामी आहे. बालाघाटातील सीताफळ झाडावरून उतरल्यावर थोड्याच दिवसांत पिकते, तेव्हा ते तातडीने बाजारात गेले पाहिजे. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस निघतो. उन्हाळ्यात पाणी व कडबा वाहावा लागतो. २०१८-१९ च्या दुष्काळात जनावरांच्या छावण्यांमुळे चाऱ्याची वाहतूक पुष्कळच वाढली होती. दोन हंगामांच्या मध्ये गाडी उभी असते, पण हप्त्याला हंगाम ठाऊक नसतो. जुनी गाडी बाळगण्यात मालकाचे शहाणपण आहे ते येथे.

ह्या शहाणपणाचा पाया मात्र अलीकडे खचत आहे. डिझेल पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र लागते; त्यालाच गावात ‘पासिंग’ म्हणतात. महाराष्ट्राने २०१० मध्ये जुन्या वाहनांवर पर्यावरण कर बसविला आणि २०२१ मध्ये केंद्राने वाहन मोडीत काढण्याचे ऐच्छिक धोरण जाहीर केले. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांवर दहा वर्षांच्या मर्यादेचा आदेश निघाला, तसा तो बीडला लागू नाही. येथे खाजगी मालकीच्या गाडीचे भवितव्य तपासणीवरच ठरते. दुसऱ्या बाजूस, १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. ह्या गाड्यांचा धूर पुष्कळच कमी. पण त्यांचा दोष शोधण्यास संगणकयंत्र लागते, आणि गावच्या फिटरची विद्या तेथे अपुरी पडते. जुनी गाडी सोडवत नाही त्याचे हेही एक कारण आहे.

येथपर्यंतचा हिशेब मालकाचा झाला. त्यात न मांडलेली रक्कम हौद्यात बसलेल्या माणसांची आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ह्या जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. संसार, कोयते व लेकरे ह्यांसह मजूर ट्रक, ट्रॅक्टर वा पिकअपच्या हौद्यातून प्रवास करतात. कायद्याच्या दृष्टीने ही गाडी मालासाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात असा निर्णय दिला की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. वाहनमालकाचा नोकर अथवा मालाचा धनी ह्यांची गोष्ट वेगळी. टोळीतील मजूर पुष्कळदा ह्यांपैकी कोणीच नसतो. अशा वेळी भरपाईचा बोजा मालकावर पडतो, आणि ज्याला नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही त्याला तो झेपणे कठीणच. अखेर नुकसान सोसते ते मृताचे वा जखमीचे कुटुंब. धुराची गोष्टही तशीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना मानवास निश्चितपणे कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. पण गाडीच्या मागून चालणाऱ्याच्या श्वासाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

तात्पर्य, बीडचा पिकअपमालक जुनी गाडी ठेवतो ह्यात अविवेक नाही. हंगामी मिळकत व दुरुस्तीची सुलभता ह्यांनी त्यास तसे शिकविले आहे. परंतु त्याचा हिशेब जुळतो तो काही अंशी दुसऱ्याच्या जिवावर जुळतो, हे सांगितल्यावाचून त्याचा इतिहास पुरा होत नाही. मोडीत काढण्याची सक्ती केल्यास पहिला भाग तुटेल. मजुरांसाठी वेगळ्या, सुरक्षित वाहनाची व्यवस्था झाल्यास दुसरा भाग सुधारेल. ह्या दोहोंत भेद करणे हे धोरण आखणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे कामास वाव आहे. गॅरेजांच्या वह्या, परिवहन कार्यालयांतील नोंदी, मुकादमांच्या उचलीचे कागद आणि हौद्यातून प्रवास केलेल्यांच्या आठवणी ही ह्या विषयाची साधने आहेत. त्यांतील वह्या रद्दीत जातात व आठवणी माणसांबरोबर जातात. म्हणून त्यांचा संग्रह विनाविलंब हाती घ्यावा.