जिवाचे मोल आणि ज्यूरी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये कुणाच्या हलगर्जीने माणूस जखमी झाला तर त्याला भरपाई मिळे. तो मेला तर बायकापोरांच्या हाती काही नाही. १८०८च्या ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ खटल्यात लॉर्ड एलनबरोंनी हा अजब नियम पक्का केला. उरला डिओडँड, म्हणजे मृत्यूला कारण ठरलेल्या वस्तूवर मृत्यूचौकशीच्या ज्यूरीने लावायचा दंड. तोही जाई राजाकडे किंवा त्याने हक्क दिलेल्या जमीनदाराकडे! १८४१च्या सॉनिंग रेल्वे अपघातानंतर ज्यूरीने हजार पौंड ठोकले. आकड्यात संताप होताच.

१८४६ मध्ये संसदेने डिओडँड रद्द केला आणि कॅम्पबेल कायद्याने कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला; रक्कम आणि प्रत्येकाचा वाटा ज्यूरी ठरवणार होती. पण १८५२च्या ‘ब्लेक विरुद्ध मिडलंड रेल्वे’ निकालाने शोक हिशेबातून वगळून फक्त आर्थिक नुकसान ठेवले. शोक मोजता येत नाही, भावनेच्या भरात ज्यूरी कंपन्या बुडवील, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण मृताची पुढच्या वीस वर्षांची कमाई तरी कुठे मोजता येते? तोही अदमासच, फक्त त्यात बॅरिस्टरचा जीव महाग आणि तान्ह्या मुलाचा जवळजवळ फुकट ठरतो. १८५५ मध्ये हाच कायदा हिंदुस्थानात आला, तेव्हा आकडा ठरवण्याचे काम ज्यूरीकडे नव्हे, न्यायालयाकडे सोपवले गेले.